वास्तुशांतीला न आल्याचे खरे कारण

तीर्थरूप आई-बाबा यांस,
साष्टांग नमस्कार.

दादाच्या वास्तुशांतीला मी आले नाही, याचे आई, तुला किती वाईट वाटले ते फोनवरच्या तुझ्या गप्प राहण्यातून मला कळले. पोट बिघडले आहे, असे मी सांगितले होते; ते खरे नव्हते. त्या आठवड्यात पोट शांत होते. पुणे ते कराड एस.टी. मध्येच थांबवावी लागली तर, पाहुण्यांनी भरलेल्या घरात ऐन वेळी शौचालयात दुसरे कोणी असले तर, या भीतीने मी भरलेली बॅग घेऊन दारातूनच परत फिरले.

मला झालेल्या अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये मोठ्या आतड्याच्या अस्तराला सूज येऊन व्रण पडतात आणि शौचावाटे रक्त जाते. औषधांनी हा आजार महिनोन्‌महिने शांत राहतो, पण पुन्हा केव्हा उसळेल हे सांगता येत नाही, आणि ही टांगती अवस्था मला दुखण्यापेक्षा अधिक थकवते. पहिले वर्षभर मूळव्याध समजून उपचार झाले. एका डॉक्टरांनी तर हे सारे मनाचे खेळ आहेत, असे सांगितले. म्हणून कोलोनोस्कोपीनंतर, म्हणजे दुर्बिणीने आतडे तपासल्यावर, निदान झाले तेव्हा, आजार मोठा असूनही, मला हायसे वाटले होते.

बाबा, तुम्ही मायेने म्हणता, "टेन्शन घेऊ नकोस, पोट आपोआप बरे होईल." ताणाने त्रास वाढू शकतो, परंतु केवळ ताणाने हा आजार जडत नाही, आणि पोटही मनाला तितकेच ओढत असते. आतड्याच्या भिंतीत १० कोटींहून अधिक चेतापेशी आहेत, आणि व्हेगस नावाच्या मज्जातंतूतले बहुतेक धागे पोटाकडून मेंदूकडे संदेश नेणारे असतात. आतड्याचा असा दीर्घकालीन दाह असणाऱ्यांपैकी साधारण तिघांत एकाला चिंतेची, तर चौघांत एकाला नैराश्याची लक्षणे आढळतात. गेल्या वर्षी स्टिरॉइड चालू असताना मला रात्ररात्र झोप नसे आणि उगाच रडू येई. त्या गोळ्यांनी असे होऊ शकते, हे मला फार उशिरा समजले, आणि तुमच्यापासून मी ते लपवले, याची आज खंत वाटते.

दोन महिन्यांपासून मी मानसोपचारतज्ज्ञांकडे जाते. आई, यात लपवण्यासारखे काही नाही. आतड्याची सूज कमी करणाऱ्या मेसालामिनच्या गोळ्या चालूच आहेत. हे उपचार त्यांच्या जोडीला आहेत. भीतीला थोडे थोडे सामोरे जायचे, असा तो अभ्यास आहे. प्रथम जवळ शौचालय नसलेल्या बागेत दहा मिनिटे बसले, मग पीएमपीच्या बसने दोन थांबे गेले, आणि परवा एकटी स्वारगेटपर्यंत जाऊन आले.

एक विनंती आहे. फोन उचलताच पोटाची चौकशी करू नका. बाबा, परसातल्या शेवग्याला शेंगा लागल्या का ते आधी सांगा. आई, तू पाठवलेली मुरडशेंग जपून ठेवली आहे, पण डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती घेणार नाही, आणि पानात पुरणपोळी नको म्हटले तर आग्रह करू नकोस.

पुढच्या महिन्यात दुसऱ्या शनिवारी सकाळच्या एस.टी.ने निघेन. वाटेत साताऱ्याला उतरून मागची गाडी धरावी लागली तर उशीर होईल, म्हणून बाबा, स्टँडवर उन्हात उभे राहू नका. न्हाणीघराशेजारची मागची खोली तेवढी माझ्यासाठी मोकळी ठेवा.

तुमची लेक