सुट्टीत पुस्तकांची पेटी उघडी ठेवा

महोदय,
मी जिल्हा परिषद शाळेत तिसरीला शिकवते. एप्रिलमध्ये घडाघडा वाचणारी मुले जूनमध्ये जोडाक्षरांपाशी अडखळतात, हातच्याची वजाबाकी चुकतात. २०२१ पासूनच्या निपुण भारत अभियानात तिसरीपर्यंत वाचन आणि अंकज्ञान पक्के करण्याचे ध्येय आहे; मग सुट्टीचा दीड महिना मोकळा सोडून कसे चालेल? त्यासाठी महागडे वर्ग मुळीच नकोत. माझी एक विद्यार्थिनी मे महिनाभर आजीबरोबर आठवडी बाजारात हिशेब करायची : भेंडी अठरा रुपयांची, नोट पन्नासची, परत किती? जूनमध्ये तिचा हातचा एकदाही चुकला नाही. ग्रामपंचायतींनी शाळेतली गोष्टींच्या पुस्तकांची पेटी सुट्टीत देवळाच्या ओट्यावर ठेवावी. पुस्तके फाटली तर फाटू देत, आम्ही चिकटवू.

– एक प्राथमिक शिक्षिका, सातारा