बुधवार पेठेतल्या स्पीकरवाल्या काकांना

काका, सा. न. वि. वि.

तुम्ही माझे स्पीकर दुरुस्त केलेत त्याबद्दलचं हे सगळं दुकानात येऊन तोंडानेच सांगणार होते. पण मी दुसऱ्या वाक्याला पोचायच्या आत तुम्ही "अहो ताई, कामच आहे आमचं" म्हणत सोल्डरिंग गन उचलली असती, आणि शेजारच्या दुकानातल्या "हॅलो, माइक टेस्टिंग"मध्ये माझं उरलेलं बोलणं बुडालं असतं. म्हणून जाहीर लिहितेय. तुमचं नाव आणि दुकानाचा पत्ता मुद्दाम गाळलाय, कारण हातातलीच कामं उरकत नाहीत असं तुम्हीच म्हणाला होतात. तपकीर गल्लीच्या आसपास ज्यांचा वावर आहे त्यांना कोण ते कळेलच.

आधी तक्रार. (पुण्यात कौतुक करायचं तरी आधी तक्रार नोंदवायची पद्धत आहे.) स्पीकरचं वेड मला आहे, माझ्या नवऱ्याला नाही. त्याला ट्रान्झिस्टरवर बातम्या कळल्या की पुरतं. तरीही आजवर ज्या ज्या दुकानात मी स्पीकर ऐकायला, घ्यायला किंवा दुरुस्तीला गेले, तिथे पहिला प्रश्न ठरलेला: "साहेब नाही आले?" साहेब आलेच तर मग माझ्याकडे बघायचीही गरज उरत नाही. वॅट त्यांना, ओहम त्यांना, सवलत त्यांना. मला पाण्याचा ग्लास.

हे वेड वडिलांकडून आलं. ते खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होते. परदेशी मालावर तेव्हा एवढे निर्बंध आणि एवढी जकात, की बाहेरचा स्पीकर आमच्यासारख्यांनी मासिकातल्या जाहिरातीतच बघायचा. मग बुधवारातूनच आणलेले आठ इंची कागदी कोनाचे दोन स्पीकर, वाड्यातल्या सुताराने केलेली सागवानी खोकी आणि आत आजीच्या जुन्या उशीतला सावरीचा कापूस. एक खोकं दुसऱ्यापेक्षा बोटभर उंच झालं होतं. सुताराचं म्हणणं, ऐकायला काय फरक पडतो. वडील म्हणाले, पडतो, पण राहू दे.

आई गाणं शिकायची. तिच्या रियाझाआधी तानपुरा लावून ठेवायचं काम पुढे माझ्याकडे आलं. तारेखालचं सूत घोडीवर जरा पुढे, जरा मागे सरकवत राहायचं आणि एका जागी तार एकदम बोलायला लागते. ती जवारी. त्यामुळे स्पीकरची माझी परीक्षा फार लवकर ठरून गेली. ढोलाचा घुमारा काय, कुठलंही खोकं देतं. तानपुऱ्याची जवारी उघडी ऐकू येते का, एवढंच मी बघते. सवाई गंधर्व संगीत महोत्सव रमणबागेत असायचा तेव्हा वडील आम्हाला हटकून भोंग्यांपासून लांब बसवायचे. "स्टेजवरचं ऐका, खांबावरचं नाही," म्हणायचे. एवढी शिकवणी मिळालेल्या मुलीला पुढे दुकानदार वॅट सांगणार!

नोकरी लागल्यावर पहिल्या बोनसमधून कोलकात्याच्या सोनोडाइनची जोडी घेतली. ऐंशीच्या दशकात हाय-फायचं खूळ असलेल्या घरात सोनोडाइन नाहीतर कॉस्मिक, यांतलं एक नाव बहुतेक सापडायचंच. सोबत भाऊ होता, तो कानाला रेडिओ लावून स्कोअर ऐकत होता. दुकानदाराने सगळी माहिती त्या मोकळ्या कानात ओतली. जोडी मात्र चांगली निघाली. लग्न, बदल्या, भाड्याची घरं, सगळीकडे ती माझ्याबरोबर हिंडली आणि अजूनही भाच्याकडे वाजतेय.

मग १९९१ नंतर बाजार उघडला आणि परदेशी स्पीकर हळूहळू पुण्यातल्या घरांमधून दिसायला लागले. औंधमधलं एक जोडपं ऑस्ट्रेलियाला चाललं होतं, त्यांच्याकडून मी ते घेतले, जे तुम्ही आता जिवंत केलेत. खालच्या सुरांसाठी दहा इंची वूफर, त्याला मऊ फोमची कड, वर बारीक, उंच सुरांसाठी रेशमी घुमटाचा ट्विटर, आणि प्रत्येक खोक्याचं वजन असं की टेम्पोवाल्याने आत धान्य आहे का विचारलं. तिथेही विकणारे गृहस्थ माझ्या नवऱ्यालाच जोडणी समजावत होते. तो शेवटी म्हणाला, "हिला सांगा. पैसे ती देणार आहे." त्या वाक्यावर आमचा संसार अजून पाच-दहा वर्षं सहज निघेल.

मधल्या काळात होम थिएटर आलं. शेजाऱ्यांकडे पाच डब्यांतून आणि एका ढोलातून बॉम्बस्फोट ऐकले, घरी काही आणलं नाही. मुलाने ब्लूटूथचा स्पीकर भेट दिला. तो स्वयंपाकघरात असतो, कुकरच्या शिट्ट्यांशी त्याचं बरं जमतं.

आणि मग फोम गेला. त्यात कोणाचा दोष नाही. पॉलियुरेथेनचा फोम हवेतल्या दमटपणाने आतून तुटत जातो, स्पीकर रोज वाजवा नाहीतर चादर घालून ठेवा. पंधरा-वीस वर्षं म्हणजे त्याचं पुरं आयुष्य, माझ्याकडे त्याने त्याहून जास्त काढली. एका पावसाळ्यात पुसताना बोट लागलं आणि कड भिजलेल्या बिस्किटासारखी हातात आली.

इथून माझी वणवण सुरू झाली. एका चकाचक शोरूममध्ये गेले तर उत्तर तयार होतं: "मॅडम, भंगारात द्या, साउंडबार घ्या." मी त्याला सांगायला गेले की राइस आणि केलॉग या दोघांनी १९२५ मध्ये मांडलेली रचना आजही तीच आहे. चुंबक, त्याच्या फटीत तारेचं वेटोळं म्हणजे कॉइल, वेटोळ्याला कोन. शंभर वर्षं जी गोष्ट बदललेली नाही तिची एक कड कुजली म्हणून अख्खी वस्तू भंगार कशी? त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि नवऱ्याकडे वळून विचारलं, "सर, बजेट किती आहे आपलं?"

दुसऱ्याने दुरुस्ती केली, ती जास्त महागात पडली. मऊ फोमच्या जागी जाड, ताठ रबर चिकटवलं. या जातीच्या वूफरचा कोन सैलच टांगलेला असावा लागतो, कारण बंद खोक्यातली कोंडलेली हवाच त्याची स्प्रिंग असते. एडगर व्हिल्चर यांनी १९५४ मध्ये अमेरिकेत नेमकं हेच करून दाखवलं आणि म्हणून पुस्तकांच्या कपाटात मावेल अशा खोक्यातून खर्ज यायला लागला. ते जाऊ दे. माझ्याकडे खर्ज गेला आणि वर बारीक खरखर सुरू झाली. मी म्हटलं, कॉइल घासतेय. तो म्हणाला, "नवीन आहे, सैल होईल." होईना. पुन्हा गेले तर म्हणाला, "मॅडम, असा भास होतो कधीकधी. सरांना ऐकू येतंय का?"

सरांना, अर्थात, येत नव्हतं.

एवढं सगळं डोक्यात घेऊन मी तुमच्याकडे आले होते, काका. मला आठवतं, तुम्ही कोण, कुठून, कोणती कंपनी, यातलं काही विचारलं नाहीत. वूफर उताणा ठेवलात, दोन्ही हातांच्या बोटांनी कोन अलगद दाबलात, कान जवळ नेलात आणि म्हणालात, "घासतेय." मग माझ्याकडे बघून, "तुम्ही काय ऐकता?" साहेबांना नाही. साहेब बाहेर स्कूटरवर बसून होते.

पुढे ताठ रबर सोडवणं, नवा फोम, कॉइल पुन्हा मधोमध आणणं, वूफर-ट्विटरला आपापले सूर वाटून देणाऱ्या क्रॉसओव्हरमधले वाळलेले कपॅसिटर, ते सगळं इथे लिहीत नाही. उत्तमच झालं. पण हातात कला असलेले कारागीर पुण्यात अजून आहेत, नुसतं त्यासाठी मी एवढं लांबलचक पत्र लिहिलं नसतं. हे पत्र आहे त्या शेवटच्या दुपारचं.

तुम्ही शटर अर्धं खाली ओढलंत. पुण्याची दुपारची सुट्टी जगभर बदनाम आहे, तुम्ही ती ऐकण्यासाठी राखून ठेवता हे त्या दिवशी कळलं. गल्ली जराशी निवली होती. मी पेनड्राइव्हवर नुसता तानपुरा आणला होता. तुम्ही विचारलंत, "गाणं नाही?" मी म्हटलं, गाणं लागलं की मी गाण्यात जाते, स्पीकर राहून जातो. त्यावर तुम्ही मान हलवलीत आणि तुमचं स्टूल मला दिलंत.

वूफर झकास झाले होते. खरखर गेली होती, खर्ज परत आला होता. पण काहीतरी एका बाजूला झुकत होतं. मी दोनदा डोळे मिटून ऐकलं आणि अगदी खालच्या आवाजात म्हटलं, "माझा भासही असेल, पण उजवीकडे जवारी दबलीय." ते "भास" मीच आधी म्हणून टाकलं. सवय. दुसऱ्याने म्हणायच्या आत आपण म्हणावं म्हणजे कमी लागतं.

तुम्ही मला उठवलंत, स्वतः स्टुलावर बसलात. आधी डावा, मग उजवा, मग पुन्हा डावा. बराच वेळ. मग म्हणालात, "मला तर दोन्ही सारखेच वाटतात."

पुढचं वाक्य मला पाठ होतं. ते आलंच नाही. तुम्ही म्हणालात, "पण माझं वय बघा ताई. साठीनंतर वरचं ऐकू येत नाही मला. दहा हजार हर्ट्झच्या वर तर अंधारच. तुम्ही म्हणताय तर असेलच." आणि स्क्रूड्रायव्हर उचललात.

मीटर नाही, काका. स्क्रूड्रायव्हर. मीटर तिथेच टेबलावर पडला होता. आधी मोजून बघतो, मग ठरवू, असंही तुम्ही म्हणू शकला असतात आणि त्यात काही गैर नव्हतं. चाळीसेक वर्षं स्पीकर उघडत आलेल्या माणसाने स्वतःच्या कानाला ऐकू न आलेल्या गोष्टीसाठी, नुसतं समोरचं गिऱ्हाईक म्हणतंय म्हणून, बंद केलेलं काम पुन्हा उघडलं. माझ्या आयुष्यात स्पीकरच्या बाबतीत हे पहिल्यांदा घडलं. मी काही बोलले नाही, पर्समध्ये उगाच काहीतरी शोधत राहिले. तुम्हाला वाटलं असेल, बाई पैसे मोजतेय.

उजव्या ट्विटरमध्ये काय निघालं ते आपल्या दोघांना माहीत आहे, वाचणाऱ्यांसाठी लिहिते. ट्विटरच्या फटीत एक चुंबकी तेल असतं, फेरोफ्लुइड. कॉइल थंड ठेवायची आणि तिचं थरथरणं आवरायचं हे त्याचं काम. मुळात ते १९६३ मध्ये नासामध्ये रॉकेटचं इंधन चुंबकाने ओढता यावं म्हणून शोधलं गेलं. तिथून ते माझ्या तानपुऱ्यापर्यंत आलं ही गोष्ट मला भारी आवडते. तर ते उजवीकडे वाळून डिंक झालं होतं. डावीकडे अजून ओलसर होतं, पण तुम्ही म्हणालात, "एकाचं केलं तर पुन्हा फरक पडेल," आणि दोन्ही साफ करून नवं घातलंत.

एक सांगते. आत काही निघालं नसतं, तरी हे पत्र मी लिहिलंच असतं.

तुमच्याकडचा तो मुलगा, शिकायला येतो तो, सगळं बघत उभा होता. तुम्ही त्याला बोलावून स्टुलावर बसवलंत आणि मला म्हणालात, "याला दाखवा काय ऐकू येतं ते. याचे कान ताजे आहेत." मी त्याला आधी डावं ऐकवलं, तारेच्या वर जे बारीक झुळझुळतं तिकडे लक्ष दे म्हटलं. त्याने तोंड वेंगाडलं, काही कळेना. मग एकदम म्हणाला, "हां, ते होय! मला वाटलं ती मशीनची खरखर आहे." तुम्ही हसलात. मला मात्र त्या शोरूमवाल्याला फोन लावून ऐकवावंसं वाटलं.

माणुसकीच्या गोष्टी लोक पुराच्या आणि अपघातांच्या सांगतात, आणि खऱ्याच असतात त्या. पण सरळ माणूस रोजच्या धंद्यात भेटतो तेव्हा त्याची कुठे बातमी होत नाही. दुखतंय म्हटल्यावर रिपोर्ट बाजूला ठेवून "कुठे?" विचारणारा डॉक्टर, वर्गात "हे मला येत नाही, उद्या बघून सांगते" म्हणणारी बाई, वजनावर शंका घेतली तर न चिडता पुन्हा तराजूत घालणारा भाजीवाला. आमच्या पेठांमध्ये "मला माहीत नाही" हे शब्द तसे महागच. त्यात एका जाणत्या कारागिराने "मला ऐकू येत नाही" हे गिऱ्हाइकासमोर, आणि तेही शिकाऊ पोराच्या देखत म्हणायचं! मी पुष्कळ मोठी माणसं पाहिली आहेत, त्यांतल्या बहुतेकांना हे जमलं नसतं. मलाही जमतं की नाही, सांगता येत नाही.

आता व्यवहाराचं. तुम्ही दिलेल्या बिलात वूफर आहेत, कपॅसिटर आहेत, ट्विटरचं नावही नाही. दुकानात विषय काढला तर तुम्ही "तेल केवढं लागतं त्याला" म्हणून टाळलंत. तेल थोडं लागलं असेल, पण दुपार तुमची अख्खी गेली आणि डबा तसाच राहिला, तो मी पाहिला. नवरा शनिवारी पाकीट घेऊन येईल. त्याच्याशी वाद घालू नका, तो हुकमाचा ताबेदार आहे. आणि त्या मुलाला एखाद्या रविवारी सकाळी आमच्याकडे पाठवा. आईचा मिरजेचा तानपुरा अजून आहे, गेल्याच महिन्यात तारा बदलल्या आहेत. स्पीकरमधून ऐकलंय त्याने, एकदा भोपळ्याला कान लावूनही ऐकू दे.

आपली,
उजव्या ट्विटरवाली ताई
सदाशिव पेठ, पुणे