आज्ञांच्या आधीचे वचन

आदरणीय बाई,

प्रभू येशूच्या नावात सप्रेम सलाम.

बाबांच्या शेवटच्या आजारपणात आपण कसबा बावड्याच्या आमच्या घरी येऊन त्यांच्याबरोबर शास्त्र वाचत बसलात, त्याबद्दल आभार मानण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. ते सर्वांसमोर लिहिण्याचे कारण असे की, बाबांना जी भीती वाटत होती ती आपल्या मंडळीतील पुष्कळ घरांत आहे आणि सहसा कोणी ती बोलून दाखवत नाही.

अमेरिकन मिशनरी रॉयल वायल्डर १८५२ साली कोल्हापुरात आले. इथल्या मंडळीला तेव्हापासूनचा वारसा आहे आणि आमच्यासारख्या कुटुंबांत ख्रिस्ती असणे हे पिढीजात झाले आहे. बाबांचा बाप्तिस्मा तान्हेपणीच झाला होता, रविवारची उपासना त्यांनी कधी चुकवली नाही आणि दशमांश, म्हणजे देवासाठी मिळकतीचा दहावा भाग, ते पगाराच्या दिवशीच वेगळा काढून ठेवत. साखर कारखान्यात हिशेबनीस म्हणून आयुष्य घालवलेल्या या माणसाने आपल्या मोठ्या टाइपाच्या पवित्र शास्त्रात, निर्गम या पुस्तकाच्या विसाव्या अध्यायातील दहा आज्ञांपैकी नऊ आज्ञांसमोर तांबड्या पेन्सिलीने बरोबरच्या खुणा केल्या होत्या. दहावीसमोरची जागा मात्र रिकामी होती. अंथरुणाला खिळल्यावर ते त्याच पानावर बोट ठेवून विचारत, “देवापुढे माझा हिशेब जुळेल का?” आम्ही मुले “बाबा, तुम्ही कुणाचे वाईट केले नाही” असे म्हणून त्यांना धीर देत होतो. आपण तसे म्हणाला नाहीत, आणि आपले सर्वांत मोठे उपकार मी तेच मानते.

आपण त्यांचे बोट धरून एक वचन मागे नेलेत आणि त्यांच्याकडूनच ते मोठ्याने वाचून घेतलेत: “ज्याने तुला मिसर देशातून, दास्यगृहातून आणले तो मी परमेश्वर तुझा देव आहे.” मिसरातून सुटकेच्या रात्री कोकऱ्याचे रक्त इस्राएलांच्या दारांच्या चौकटींना लागले, तांबडा समुद्र पार झाला, आणि त्यानंतर सीनाय पर्वतावर आज्ञा मिळाल्या, हा क्रम आपण त्यांना सावकाश उलगडून सांगितलात. सुटका आधी झालेली होती. नियमशास्त्र, म्हणजे देवाच्या या आज्ञा, हे सुटलेल्या प्रजेला देवाबरोबर कसे चालावे ते दाखवण्यासाठी दिले गेले, सुटकेची किंमत म्हणून ते कधीच मागितले गेले नव्हते. बाबांनी ते वचन किती वेळा वाचले असेल, पण त्या दिवशी ते बराच वेळ त्यावरच थांबले.

मग आपण त्या रिकाम्या जागेकडे वळलात. लोभ धरू नको, ही दहावी आज्ञा मनाला धरते. तिला बाहेरचा साक्षीदार नसतो. प्रेषित पौलानेही रोमकरांस पत्राच्या सातव्या अध्यायात नेमकी हीच आज्ञा घेतली आहे. नियमशास्त्राने पापाची जाणीव होते, पण त्याच्या कर्मांनी देवापुढे कोणी नीतिमान ठरत नाही, हे आपण न कचरता एका आजारी माणसाला सांगितलेत, कारण पुढचे सांगायचे होते. चौथ्या अध्यायात पौल मजुरी आणि कृपा यांचा भेद करतो: काम करणाऱ्याची मजुरी हे त्याचे देणे असते, पण अब्राहामाने देवावर विश्वास ठेवला आणि तेच त्याला नीतिमत्त्व असे गणण्यात आले. हिशेबाची भाषा बाबांना लगेच उमगली. आपले पाप ख्रिस्ताच्या नावे आणि ख्रिस्ताचे नीतिमत्त्व आपल्या नावे, हे त्यांनी स्वतःच्या तोंडाने म्हणून पाहिले.

निकदेमाचा प्रसंग आपण मुद्दाम शेवटी घेतलात. तो परूशी, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या यहूदी पंथाचा, होता, इस्राएलाचा गुरू होता, आणि अशा माणसाला प्रभूने सांगितले की, नव्याने जन्मल्यावाचून देवाचे राज्य पाहता येत नाही. हा जन्म घराण्याने मिळत नाही आणि आपल्या निश्चयानेही होत नाही. तो आत्म्याचे काम आहे. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये झाला, पण आपल्याला तेव्हा ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त स्वतः पुढे काही वर्षांनी भेटला, अशी साक्ष त्यांनी दिली आहे. हे ऐकून बाबा म्हणाले, “मग मलाही उशीर झालेला नाही.”

कृपेची शिकवण ऐकून माणसे आज्ञांविषयी बेफिकीर होतील, अशी शंका आपल्याकडे वरचेवर काढली जाते. आमच्या घरी घडले ते निराळेच. त्याच आठवड्यात बाबांनी थोरल्या काकांना बोलावून घेतले. उसाच्या शेताच्या बांधावरून दोघांचे बोलणे कित्येक वर्षे बंद होते. बाबांनी मोजणीचा कागद काढून त्यांच्या हाती दिला आणि म्हणाले, “दादा, बांध तुम्ही म्हणता तिथेच राहू दे.” यिर्मया संदेष्ट्याने नव्या कराराविषयी सांगितलेले, देव आपले नियमशास्त्र हृदयपटावर लिहील हे वचन, मी तोवर फक्त पाठ केले होते.

बाबा प्रभूत निजले तेव्हा त्यांना ती भीती राहिली नव्हती. त्यासाठी आम्ही सर्व भावंडे आपली ऋणी आहोत. एक विनंती आहे: गुरुवारच्या अभ्यासवर्गात आपण रोमकरांस पत्र पहिल्यापासून घ्यावे. काकांनी यायचे कबूल केले आहे आणि त्यांना घेऊन येण्याची जबाबदारी माझी.

प्रभूमध्ये आपली नम्र,
आपल्या एका विद्यार्थ्याची लेक