जुन्या एस्टीमला चारशे मीटर पळवायचे तर

कोल्हापूर

प्रिय सुधीर,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र परवा मिळाले. काकांची मारुती एस्टीम भंगारात न घालता ड्रॅग रेससाठी, म्हणजे थांबलेल्या गाडीने सरळ रेषेत ठरावीक अंतर कापण्याच्या शर्यतीसाठी, तयार करावी असे तुझ्या मनात आले आहे, हे वाचून आनंद झाला आणि थोडी धास्तीही वाटली; कारण पत्राच्या शेवटी जी खर्चाची यादी तू जोडली आहेस, तिच्या पहिल्या पाचही ओळी इंजिनाच्या आहेत. माझी यादीही सुरुवातीला अगदी अशीच होती आणि तिच्यापायी माझा एक पूर्ण हंगाम व जवळजवळ साठ हजार रुपये वाया गेले. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी गाडीविषयी. काकांची गाडी २००२ ची, म्हणजे १६ व्हॉल्व्हचे एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल फवारणारे) इंजिन, १२९८ सीसी, कागदोपत्री ८५ अश्वशक्ती. याच घराण्यातले इंजिन जिप्सीतही असल्यामुळे सुट्या भागांची ददात नाही आणि आपल्या उद्यमनगरात त्यावर हात बसलेले मिस्त्री अजून आहेत. शिवाय ही गाडी मुळातच अंगाने हलकी आहे. कमी पैशांत काही करायचे तर होंडा सिटी व्हीटेकनंतर मी हिचेच नाव घेईन. सिटीच्या जुन्या गाड्यांचे भाव मात्र शौकिनांनीच चढवून ठेवले आहेत.

आता मूळ मुद्दा. पाव मैल, म्हणजे ४०२ मीटर, पार करायला किती वेळ लागेल याचा अमेरिकेतील ड्रॅग रेसवाल्यांचा एक जुना ठोकताळा आहे: गाडीच्या वजनाला अश्वशक्तीने भागावे, त्या भागाकाराच्या घनमुळाच्या प्रमाणात वेळ बदलतो. घनमूळ हा शब्द वाचून पुढे जाऊ नकोस, सगळी मेख त्यातच आहे. वेळ दहा टक्क्यांनी कमी करायचा तर तो भागाकार सुमारे २७ टक्क्यांनी खाली आणावा लागतो, आणि ते काम एकट्या इंजिनाकडून करून घ्यायचे म्हटले तर ८५ अश्वशक्तीच्या जवळपास ११७ कराव्या लागतील. टर्बो न लावता, आपल्या खिशाला परवडेल अशा रीतीने, ते होत नाही. उलट वजन कमी करायला पाने, पकड आणि एक रविवार पुरतो.

म्हणून पहिले काम सांगतो: गाडी घेऊन ट्रकच्या वजनकाट्यावर जा. आधी पूर्ण गाडीचा काटा कर, मग फक्त पुढची चाके काट्यावर ठेवून पुन्हा कर. माझ्या गाडीचे एकूण वजन ८७० किलो भरले, त्यातले ५४० पुढच्या चाकांवर. मग स्टेपनी, जॅक, मागची सीट, गालिचा, दारांची आतली पॅनेले, एसीचा कॉम्प्रेसर आणि कंडेन्सर असे एकेक काढत गेलो. फरशीवर आवाज दाबण्यासाठी डांबरासारखे जाड थर चिकटवलेले असतात. ते हीटगनने गरम करून पुट्टीच्या पात्याने खरवडताना माझ्या दोन्ही तळहातांना फोड आले आणि पोते भरल्यावर ते जेमतेम नऊ किलो भरले. तरीही शेवटी काटा ७८० वर आला आणि त्यातले ५१० पुढे राहिले. बहुतेक सामान मागच्या बाजूचे निघाले, हे आपल्या पथ्यावरच पडते. कारण गाडी पुढच्या चाकांनी ओढणारी आहे आणि सुटताना भार मागे सरकून नेमकी तीच चाके हलकी होतात. मागचे स्प्रिंग कडक घातले तर गाडी मागे बसण्याचे प्रमाणही कमी होते.

इंजिनाचे माझे रामायण थोडक्यात सांगतो. कम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधले मिश्रण दाबले जाण्याचे प्रमाण, वाढवावे म्हणून मी हेड (सिलिंडरांवरचे झाकण) अर्धा मिलीमीटर फेस करायला, म्हणजे खालून घासायला, दिले. ज्या दुकानात दिले तिथल्या माणसाने ‘अजून चांगले होईल’ म्हणून एक मिलीमीटरच्या वर घेतले आणि मला सांगितलेही नाही. या इंजिनाचे बोअर ७४ आणि स्ट्रोक ७५.५ मिलीमीटर, म्हणजे एका सिलिंडरमध्ये सुमारे ३२५ सीसी आणि वर ज्वलनासाठी उरलेली जागा चाळीस सीसीच्या आसपास; तिथे दोन-तीन सीसीचा फरकही इंजिनाला जाणवतो. एप्रिलच्या उन्हात गाडी इतकी नॉकिंग करू लागली (मिश्रण अवेळी पेटून इंजिन ठोके देऊ लागले) की महागडे पेट्रोल घालूनही इग्निशन, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ, मागे घ्यावे लागले, म्हणजे मिळवलेले सगळे परत गेले. त्यातच हेड खाली बसल्यामुळे कॅमचे टायमिंग, म्हणजे व्हॉल्व्ह उघडण्या-मिटण्याची वेळ, हीही थोडी मागे पडली. शेवटी हेडखाली बसणारे गॅस्केट जाड बनवून घेतले. तेव्हा तू नवे बेअरिंग, रिंगा, व्हॉल्व्ह ग्राइंडिंग आणि चांगला हेडर (इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या पाइपांचा जुडगा) एवढ्यावरच थांब. हेडर आपल्याकडचा कुशल वेल्डर नीट पाइप वाकवून करून देतो. मला त्याचे बारा हजार पडले. कॅमशाफ्टचा विचार दोन वर्षे करू नकोस.

लोणावळ्याच्या पलीकडे ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर मी तीन हिवाळे गाडी नेली. जशी होती तशी पळवली तेव्हा १७.४ सेकंद. सगळे इंजिनकाम करून नेली तेव्हा १६.९. त्यानंतर इंजिनाला बोट न लावता वजन, टायर आणि क्लच एवढेच पाहिले, तर १६.२. अर्धा सेकंद साठ हजारांत आणि त्यापुढचा जवळजवळ पाऊण सेकंद त्याच्या निम्म्या पैशांत आला, हे ध्यानात ठेव.

या पाऊण सेकंदातला बराचसा भाग पहिल्या साठ फुटांत दडलेला असतो. प्रत्येक धावेनंतर मिळणाऱ्या वेळेच्या पावतीवर साठ फुटांचा वेळ वेगळा छापून येतो, माझा २.७ वरून २.४ वर आला. मऊ रबराचे टायर फक्त पुढे घाल, त्यांत हवा अठरा-वीस ठेव, मागच्या जुन्याच टायरांत चाळीस भर म्हणजे ते गाडीला कमी अडवतील. मात्र एक चूक माझ्यासारखी करू नकोस. मी टायर आधी घातले आणि इंजिनाची फाउंडेशन, म्हणजे इंजिन ज्यांवर बसते ती रबरे, जुनीच, मऊ पडलेली ठेवली. पकड वाढली, इंजिन जागेवर डुलू लागले, चाके रस्त्यावर धडाधड उड्या मारू लागली आणि तिसऱ्यांदा सुटताना उजवा एक्सल बाहेरच्या जॉइंटपाशी तुटला. तो आवाज बंदुकीच्या बारासारखा होता. गाडी ढकलत परत नेताना मागच्या रांगेतल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या, त्या अजून माझ्या कानात आहेत. तेव्हा आधी फाउंडेशन कडक, मग टायर.

सुटण्याची रीत हाताला बसावी लागते. सुरुवातीच्या रेषेवर प्रकाशाचे दोन किरण आडवे सोडलेले असतात; पुढचे टायर त्यांतला दुसरा किरण जेमतेम कापतील एवढेच पुढे जा, कारण टायर त्या किरणातून पूर्ण बाहेर पडेपर्यंत घड्याळ सुरू होत नाही आणि तेवढी काही इंच गाडी फुकटात गती घेते. माझ्या गाडीला साडेचार हजार आरपीएम मानवले. क्लच एकदम सोडला तर एकच चाक जागेवर फिरत राहते, कारण साध्या डिफरन्शियलमधून (दोन चाकांत जोर वाटणाऱ्या गिअरमधून) दुसऱ्या चाकालाही मग तेवढाच कमी जोर मिळतो. डिफरन्शियल वेल्ड करण्याचा सल्ला तुला कोणीतरी हमखास देईल. पुढच्या चाकांनी ओढणाऱ्या गाडीत ते करशील तर जोर देताना स्टिअरिंग हातात राहणार नाही. तो सल्ला फक्त ऐकून घे, अमलात आणू नकोस.

कागदांचे एक. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मुळे अशी बदललेली गाडी रस्त्यावर चालवता येत नाही, म्हणून सांगलीहून ती फ्लॅटबेडवरच न्यावी लागेल. ते भाडे यादीत धर. सीटचे चांगले पट्टे, हेल्मेट आणि हाताला येईल असा अग्निशामक यांचेही पैसे आधी बाजूला काढ, उरले तर हेडर.

या रविवारी काटा करून ये आणि पुढच्या व मागच्या चाकांचे आकडे वेगवेगळे लिहून पाठव. टायरचे माप मी त्यानंतरच सांगेन. काकूंना साष्टांग नमस्कार.

तुझा,
मिलिंद