वरून पाणीदार, आत कोरडं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

फेब्रुवारीत आमचा चांदवड तालुका उपग्रहाच्या चित्रात चांगला पाणीदार दिसतो. मुलाने मोबाईलवर सेंटिनेल-२ चं चित्र उघडून दाखवलं. दर पाच दिवसांनी नवं येतं, तेही फुकट. शेततळ्यांचे निळे ठिपके मोजता मोजता दमलो. त्यातला एक ठिपका माझाच.

पण ते पाणी आभाळातून पडलेलं नाही. प्लास्टिकचा कागद अंथरलेल्या तळ्यात ते आम्हीच विहिरीतून मोटार लावून भरलेलं असतं, उन्हाळ्यात द्राक्षबाग जगवायला. माझं तळं भरलं त्या पंधरवड्यात विहीर दीड परस, म्हणजे दीड माणूसभर, खाली गेली. उपग्रहाने तळं पाहिलं, विहीर त्याला दिसणार कशी?

भूजल टिपणारे ग्रेस उपग्रह २००२ पासून आले, पण त्यांना तीनशे-चारशे किलोमीटरचा टापू एकदम दिसतो. आपला अख्खा जिल्हा साडेपंधरा हजार चौरस किलोमीटरचा, तिथे आमच्या गावाची काय कथा! आणि हा काळा पाषाण. बांधाच्या अल्याड-पल्याड दोन विहिरी, एकीला मार्चपर्यंत पाणी, दुसरीचा डिसेंबरातच तळ दिसतो. फट लागली तर पाणी, नाहीतर नुसता खड्डा.

भूजल सर्वेक्षण यंत्रणा निरीक्षण विहिरी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरात मोजते. तळी भरतात ती नेमकी ऑक्टोबर ते जानेवारीच्या मधल्या काळात. तेव्हा गावोगाव निदान चार विहिरी दर पंधरवड्याला मोजाव्यात आणि तो आकडा त्याच तारखेच्या तळ्यांच्या चित्राशेजारी मांडावा. मग पाणी वाढलं की नुसतं जागा बदलून बसलं, ते कळेल. धरणात गाळ किती साचला ते असंच मोजतात: पाण्याचा पसारा उपग्रहावरून, पातळी धरणावरच्या मोजपट्टीवरून. दोन्ही जुळवलं की साठवण किती घटली ते समजतं. धरणाला जे जमतं ते विहिरीला का जमू नये?

आमच्या शेतकऱ्यांनाही हे आवडेलच असं नाही. आकडा उघडा पडला तर कोणी किती उपसलं तेही उघडं पडेल. माझंसुद्धा.

मी मार्गशीर्षापासून दर अमावास्या-पौर्णिमेला टेपच्या टोकाला दगड बांधून विहीर मोजतो. वही घरी आहे. कोणा कार्यालयाला हवी असेल तर नाशिकला आणून देईन.

आपला,
एक द्राक्षबागाईतदार,
ता. चांदवड, जि. नाशिक