तिसरा आणि चौथा फर्मा

पुणे,
रविवार, रात्र

प्रिय रुपे,

सात महिने झाले, ना पत्र ना फोन. ओवीच्या बारशाला येते म्हणाले आणि आले नाही. सगळं मान्य. भेटशील तेव्हा पोटभर भांडून घे. आज लिहितेय, कारण एक गोष्ट घडलीय आणि ती तुलाच सांगायची आहे. इथे कुणालाही सांगितली की म्हणतात, "एवढंच ना?"

आईचा गुडघा आहे तसाच. बाबा बरे.

तर, कागलच्या गुरुजींचं पुस्तक आलं. त्यांच्या आईच्या आठवणींचं, दिवाळीत तुला सांगत होते ते. गुरुजींचं वय ८१, दोन शंभरपानी वह्या शाईच्या पेनाने भरलेल्या, समासात मध्येच दुधाचा हिशोब. या पुस्तकावर माझा जीव होता. अक्षरजुळणीपासून मलपृष्ठाच्या मजकुरापर्यंत सगळं मी केलं. श्रेयपानावर 'संपादन' म्हणून पहिल्यांदा माझं नाव छापून आलंय.

वहीत गुरुजींनी आईचं बोलणं कुठे "कुठे गेला होतास रे?" असं लिहिलेलं, कुठे "कुठं गेल्तास रं?" असं. आमच्या प्रकाशनात पहिल्या दिवसापासून शिकवतात की एक शब्द पुस्तकभर एकाच रूपात हवा. मी दोन दुपारी बसून सगळी आई 'गेला होतास' करून टाकली. गुरुजींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, म्हणून प्रूफं नातवाने वाचली आणि ठीक आहे असं कळवलं. छपाईला मीच सोडलं. ५०० प्रती.

मंगळवारी गुरुजींचा फोन. आवाज जराही चढलेला नाही. "पुस्तक देखणं झालंय बाई. कागद चांगला वापरलाय. पण आमची आई अशी बोलत न्हवती." मग बराच वेळ दोघंही गप्प. शेवटी तेच म्हणाले, "ठेवू का मग?"

त्या संध्याकाळी वह्या पुन्हा काढल्या. रुपे, मला जो निष्काळजीपणा वाटला होता तो निष्काळजीपणा नव्हताच गं. सुरुवातीच्या पानांत गुरुजी गुरुजींसारखं लिहितात, गोल, सुटं अक्षर. दुष्काळातल्या त्या रात्रीपाशी आले की अक्षर तिरकं होत जातं, काने ओळीबाहेर पळतात, आणि आई तिथून स्वतःच बोलायला लागते. साहित्य महामंडळाच्या शुद्धलेखनाच्या अठरा नियमांतसुद्धा सांगितलंय की पात्राच्या तोंडची भाषा उच्चाराप्रमाणे लिहावी. मला ते पाठ आहेत! तरी हात थांबला नाही.

आता कळलं ना, तुलाच का लिहितेय? एम.ए.चं दुसरं वर्ष, तुझा ओव्यांवरचा निबंध. तू वाचता वाचता "माझी आजी आलती तेव्हा" म्हणालीस आणि मी सगळ्यांसमोर "आली होती" असं बोलले. आठ दिवस अबोला धरलास. भडंगाची बरणी कुलपात घातलीस, ते त्याहून वाईट! नवव्या दिवशी दार वाजवून विचारलंस, "शुद्धलेखन जेवलंय का?" आपण हसलो आणि विषय संपला. माझ्यापुरता संपला. तुझ्यापुरता संपला होता का, हे मी दहा वर्षांत एकदाही विचारलं नाही. आज विचारतेय.

आमच्या प्रकाशक सरांना सगळं सांगितलं. "दुसऱ्या आवृत्तीत करू," म्हणाले. अशा पुस्तकाची दुसरी आवृत्ती कधी निघते, तुला सांगायला नको. आणि १९५४ च्या कायद्याप्रमाणे एक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला मीच रजिस्टरने पाठवलीय. म्हणजे गुरुजींची आई तिथे कायम माझ्या भाषेत बोलत राहणार. या विचाराने रात्री झोप लागत नाही.

नेमकी त्याच आठवड्यात हिंजवडीच्या एका कंपनीतून नोकरी चालून आली. अ‍ॅपसाठी मराठी धडे लिहायचे, पगार दुप्पट. घरी सगळे एका सुरात 'घे' म्हणतात. "मराठी घेऊन काय करणार?" हा काकांचा प्रश्न सहा वर्षांनी पुन्हा जेवणाच्या पानावर आला. स्वयंपाकघरातल्या टेबलावर फर्म्यामागे, म्हणजे छापील १६ पानांच्या गठ्ठ्यामागे, पैसे घेऊन प्रूफं वाचायचे तेव्हापासून मला हेच काम हवं होतं. वळवलेला फर्मा हातात घेऊन १६ पानं ओळीने लागलीत का बघायची, बाइंडरकडे खळीचा वास घेत उभं राहायचं, हे मला पगारापेक्षा मोठं वाटत आलंय. अजूनही वाटतं. पगाराची भीती नाही रुपे. दुसऱ्याची भाषा ऐकू येणारा कान मला आहे का, याची भीती वाटते. तो नसेल तर या कामावर माझा हक्क काय?

तुझ्या बदलीचं काय झालं? गडहिंग्लजच मिळालं का? ओवी बसायला लागली असेल. भाऊजींना नमस्कार.

आता काम. २०० प्रती बांधून गेल्या, पण ३०० प्रतींचे फर्मे बाइंडरकडे सुटे पडून आहेत. आई मुख्यतः तिसऱ्या आणि चौथ्या फर्म्यात आहे, पान ३३ ते ६४. 'गेला होतास'चं 'गेल्तास' केलं की शब्द आखूडच होतो, त्यामुळे मजकूर पुढच्या पानावर सरकणार नाही, दोनच फर्मे पुन्हा छापले की झालं. प्लेटा, कागद, छपाई माझ्या पगारातून कापा असं सरांना सांगितलं. त्यावर ते काही बोलले नाहीत, पण शनिवारपर्यंत दुरुस्त फाइल दे म्हणाले.

वह्यांच्या त्या पानांच्या झेरॉक्स आणि छापील पानं सोबत पाठवतेय. गुरुजींना फोनवर वाचून दाखवणारच आहे, पण जिथे त्यांनीही 'गेला होतास' लिहिलंय तिथे ते तसंच राहू द्यायचं की नाही, हे मला ठरवता येत नाही. तू मोठ्याने वाच. तुझ्या आईला शेजारी बसव आणि तिला ऐकव. जिथे ती "असं कोण बोलतंय?" म्हणेल तिथे पेन्सिलीने खूण कर. गुरुवारच्या कुरियरने परत पाठव. बरणी पाठवलीस तरी चालेल.

तुझी,
मेघा