आमच्या प्लँटला स्पॅनिश शिकवणाऱ्या ताईंना

ताई, नमस्कार.

फीचं विचारलं की तुम्ही विषयच बदलता, घरी पाठवलेलं पाकीट तुमच्या आईनं पोट्ट्याच्या हातानं परत धाडलं, म्हणून आता इथं चारचौघात लिहून टाकतो, तुम्हाला आवडो न आवडो. नाव टाकत नाही. वरुडात ज्याला समजायचं त्याला समजेलच.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. शेंदूरजना घाट रोडवर संत्र्याचं ग्रेडिंग-कोटिंगचं युनिट आहे, मी तिथं मेन्टेनन्सला, आयटीआयवाला इलेक्ट्रिशियन. यंदा आंबियाच्या, म्हणजे संत्र्याच्या दिवाळीकडच्या हंगामाच्या, मालाआधी मालकानं नवीन लाईन घेतली, धुणं, ब्रश, मेणाचं कोटिंग, सुकवणं, आकारानं छाटणी सगळं एकामागं एक, मशीन स्पेनची आणि बसवून द्यायला व्हॅलेन्सियाकडचे दोन टेक्निशियन, एक म्हातारा, एक तरणा. तिकडेही संत्र्याचाच मुलूख, जगात ताजी लिंबूवर्गीय फळं सगळ्यात जास्त बाहेर पाठवणारा देश स्पेन, त्यामुळे माणसं कामात पक्की. पण दोघांचं इंग्रजी आमच्याएवढंच. दुभाषा सुरुवातीला आला आणि मग फोनवरच राहिला. मोबाईलमधल्या भाषांतराचं म्हणाल तर शेडमध्ये ब्लोअर चालू असला की त्याला घंटा काही ऐकू येत नाही, आणि ग्रीसनं भरलेल्या हातानं फोन कोण काढते?

तुमच्याबद्दल बायकोनं सांगितलं, पुण्यात कंपनीत स्पॅनिशचं काम करत होत्या, आता आईसाठी गावी आल्या, ट्युशन घेतात. मला वाटलं तुम्ही ए बी सी डी पासून घ्याल, माझं नाव अमुक, मी भारतात राहतो वगैरे. तुम्ही वही उघडली आणि विचारलं, दिवसभर तिथं काय काय होते ते सांगा. कोण कुठं उभा राहते, काय अडकते, काय तुटते, कोण कोणावर काय ओरडते. मी सांगत गेलो, तुम्ही लिहीत गेल्या, आणि मग त्यातलं अर्ध्याहून जास्त खोडून टाकलं. म्हणाल्या, आधी थांबवायचं शिका, मग विचारायचं, गप्पा मारायचं शेवटी. ताई, माझे आभार खरं तर त्या खोडण्यासाठीच आहेत. पुस्तकात सगळंच असते जी, आपल्याला काय लागत नाही ते सांगणारा माणूस भेटत नाही.

पहिल्या पानावर चारच गोष्टी होत्या. पारा, म्हणजे थांब. कुइदादो, म्हणजे सांभाळून. नो तोकेस, हात लावू नको. आणि चौथं तुम्ही आमच्यासाठी मुद्दाम बनवलेलं, आय खेन्ते देबाखो, खाली माणूस आहे. कारण मी बोलता बोलता म्हटलं होतं की पट्ट्याखाली आमचा कोणी ना कोणी झोपलेलाच असते. ट्रायलच्या आदल्या दिवशी तरणा पॅनलपाशी गेला, आमचा एक पोट्टा रोलरखाली बोल्ट आवळत होता, मी इकडून ओरडलो, पारा, आय खेन्ते देबाखो! त्यानं हात मागं घेतला. त्याच्यानंतर बटन दाबायच्या आधी तो दर वेळी स्वतःच विचारायचा, आय खेन्ते? आणि आमचे सगळे एका सुरात, नो आय नादिए, कोणी नाही. आता ते लोक गेले तरी आमच्यात अजून हेच चालते, मालकाच्या वडिलांना वाटते पोट्टे कसली तरी आरती म्हणतात.

दुसरं पान न समजल्याचं. हे तुम्ही दटावून शिकवलं. आपल्याकडे साहेब काही बोलला की समजो न समजो, हाव जी, हाव जी, मान डोलवायची, आणि तुम्ही म्हणाल्या मशीनपाशी ही मान फार महागात पडते, समोरचा समजते की काम झालं. म्हणून नो एन्तिएन्दो, समजलं नाही. मास देस्पाथ्यो, अजून सावकाश. पुएदे रेपेतिर, पोर फाबोर, परत सांगता का. हे म्हणायला आमच्या पोरांना इतकी लाज वाटायची की तुम्ही एका संध्याकाळी सगळ्यांना ओट्यावर बसवून फक्त 'नो एन्तिएन्दो' म्हणायला लावलं, तेही डोळ्यात बघून. शेजारची म्हातारी येऊन विचारून गेली काय झालं म्हणून.

उच्चारांचं तर मी कोणालाही सांगतो की स्पॅनिश इंग्रजी अक्षरांतून शिकू नका, देवनागरीत लिहा. त्यांचा त आपला त आहे, ट नाही. र आपल्यासारखाच जिभेवर वाजते. एच लिहितात पण म्हणत नाहीत, जे दिसला की ख म्हणायचं, व्ही लिहिलं तरी आवाज ब चा. आणि स्पेनमध्ये ज्याला ग्राथियास म्हणतात त्याला मेक्सिको-अर्जेंटिनाकडे ग्रासियास, हे तुम्ही आधीच सांगून ठेवलं म्हणून यूट्यूबवर वेगळं ऐकून कोणी गोंधळलं नाही. प्रत्येक वाक्याची व्हॉइस नोट दोनदा, एकदा हळू, एकदा खऱ्या वेगात, कारण तिकडचा माणूस हळू बोलणार नाही म्हणे. नाहीच बोलला. आणि प्रश्नासोबत त्याची येऊ शकतील ती उत्तरंही शिकवली, नाहीतर विचारायचं आपण आणि उत्तर आलं की तोंड बघायचं त्याचं.

सगळ्यात जास्त कामी आलं ते 'फाल्ता'. फाल्ता म्हणजे कमी आहे, नाही आहे, पुढं वस्तू लावा की झालं. फाल्ता आथेइते, तेल कमी. फाल्ता आइरे, हवा कमी. फाल्ता उन तोर्नियो, एक स्क्रू नाही. व्याकरणाशिवाय अर्धा दिवस निघते एवढ्यावर. तसंच 'आसी', म्हणजे असं. पोट्टे पाना धरून "असं?" विचारायचे आणि म्हातारा "आसी, आसी" म्हणायचा, ते तर शिकवावंच नाही लागलं.

आकड्यांचं तुम्ही सांगितलं नसतं तर आम्हाला कोणीच सांगितलं नसतं. तिकडे अडीच लिहायचं तर 2,5 असं स्वल्पविराम देऊन लिहितात आणि पंधराशे लिहायचे तर 1.500, मधे टिंब. फळाच्या आकाराची सेटिंग मिलिमीटरमध्ये असते, कागदावर 62,5 दिसलं की आपला माणूस विचारात पडणारच. वरून त्यांचा हातानं लिहिलेला एक आपल्याला सातासारखा दिसते, सातच्या पोटात ते आडवी रेघ मारतात. मी पॅनलच्या बाजूला खडूनं लिहूनच ठेवलं.

मधे आम्ही घाबरलो होतो. ते दोघं आपसात बोलायला लागले की आम्हाला एक शब्द कळेना, एवढे दिवस शिकलो ते काय पाण्यात गेलं? तुम्हाला आवाज पाठवला तर तुम्ही हसल्या, ते स्पॅनिश नाहीच, व्हॅलेन्सियन आहे, त्यांची घरची बोली. दोघं वऱ्हाडी पुण्याच्या ऑफिसात भेटल्यावर जसे बोलतात तसं. मग जीवात जीव आला.

ब्रशचा वेग कमी करून घेतला तोही तुमच्याच वाक्यावर. आपल्या नागपुरी संत्र्याची साल पोकळ, जोरात घासली की सोलपटते. मी फळ हातात धरून मास सुआवे, मास सुआवे म्हटलं, अजून अलगद. म्हाताऱ्यानं फळ सोललं, दोन फोडी खाल्ल्या, मांदारीना, मांदारीना म्हणत गेला आणि सेटिंग उतरवली. त्यांच्या लेखी नारान्खा, म्हणजे घट्ट सालीचं संत्रं, वेगळं आणि हे सुट्या सालीचं मांदारीना वेगळं, हेही तुमच्याच वहीत होतं.

जेवणाचं पान तुम्ही शेवटी दिलं, खरं सांगू तर मला ते उगाच वाटलं होतं. पण डबे उघडले की शेजारून जाताना 'के आप्रोबेचे' म्हणायचं, नीट जेवा असं, एवढ्यावर दोस्ती झाली. म्हातारा 'तू' म्हण म्हणाला, तोवर आम्ही उस्तेद उस्तेद, म्हणजे तुम्ही तुम्ही, करत होतो. प्रत्येक भाजीला त्यांचा एकच प्रश्न, पीका? तिखट आहे का? आमचं ठरलेलं उत्तर, उन पोको, थोडंसं. आपलं थोडंसं आणि त्यांचं थोडंसं यात किती अंतर आहे ते सावजीच्या रश्श्यानं त्यांना समजावलं, त्याला माझा इलाज नाही. लाईट गेली की मात्र दोघं आपल्यासारखेच वैतागून ओरडायचे, से आ इदो ला लुथ, आणि बाहेर बाजेवर जाऊन बसायचे.

जाताना म्हाताऱ्यानं विचारलं तुम्हाला शिकवलं कोणी. मी म्हटलं ऊना प्रोफेसोरा, गावातलीच. त्यानं तुमच्यासाठी व्हॉइस नोट करून दिली ती तुम्हाला पाठवलीच आहे, त्यात शेवटी काय म्हणाला ते तुम्ही अजून मला सांगितलं नाही.

ताई, मृगाच्या, म्हणजे पुढच्या हंगामाच्या, मालाआधी ते दोघं सर्व्हिसला परत येणार आहेत. या वेळी पॅकिंगच्या बायकांनाही शिकायचं आहे, बारा-पंधरा जणी तरी होतील, मालक शेडमध्ये जागा आणि पंखा द्यायला तयार आहे, आणि फी ते तुम्हाला नाही, तुमच्या आईला विचारून ठरवणार आहेत. तारीख तुम्ही सांगा.

तुमचा,
प्लँटवरचा मेन्टेनन्सवाला

ता.क. एक पेटी घरी पोचेल, ती परत पाठवू नका, ट्रायलचा माल नाही, नीट निवडलेला आहे. आणि 'पट्टा घसरतो' याला काय म्हणायचं ते तेवढं पाठवून ठेवा, कालपासून घसरायला लागला आहे आणि मला त्यांना फोन करायचा आहे.